ज्या भाषेत डोळ्याला ‘जिकित’ म्हणतात

शुक्रवार, ११ जुलै २०२५

मेळघाटातल्या धारणीहून सकाळची एसटी धरली. हरिसाल, सेमाडोह, मग घाट उतरून परतवाडा आणि पुढे अमरावती. अमरावतीहून रात्रीची मुंबईची गाडी. बॅगेत ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मोहाचे लाडू आणि एक शंभर पानी वही. वहीच्या पहिल्या पानावर एकच शब्द लिहून ठेवलाय: जिकित.

जिकित म्हणजे डोळा. ही भाषा माझी नाही. मी कोरकू, आमच्यात डोळ्याला मेड म्हणतात. जिकित हा निहालीतला शब्द. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला सोनबर्डी आणि आजूबाजूची काही गावं आहेत. तिथले निहाल लोक ही भाषा बोलतात. बोलणारे असतील दोन-अडीच हजार. जगातल्या कुठल्याही भाषेशी तिचं नातं आजवर कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. मराठीला प्राकृताचं घराणं आहे, गोंडीला तेलुगू-तमिळचा गोतावळा आहे, आमच्या कोरकूला मुंडारी आणि संथाळी या बहिणी आहेत. निहालीला कोणी नाही. मलाही तिशी उलटेपर्यंत हे ठाऊक नव्हतं, आणि मी तर त्यांची शेजारीण.

जिनिव्हात दर जुलैत संयुक्त राष्ट्रांच्या एका तज्ज्ञगटाची पाच दिवस बैठक असते. आदिवासींच्या हक्कांसाठीचा हा गट मानवी हक्क परिषदेनं २००७ च्या डिसेंबरात स्थापन केला. त्यात सात तज्ज्ञ असतात, जगाच्या सात भागांतून एकेक. सरकारं येतात, आणि आदिवासी समाजांच्या संस्थाही येतात. यंदाचा विषय आहे आकडेवारी: कोणाला मोजतात, कोण मोजतं आणि मोजलेलं कोणाच्या हाती राहतं. इकडे आपल्या जनगणनेची अधिसूचना नुकतीच, जूनमध्ये निघाली. या दोन गोष्टी एकाच वर्षी जुळून आल्या म्हणून मी अर्ज केला. आदिवासी प्रतिनिधींच्या प्रवासासाठी संयुक्त राष्ट्रांचा १९८५ पासूनचा एक निधी आहे, त्यातून माझं तिकीट निघालं.

शनिवार, १२ जुलै

पूर्ण दिवस विमानात आणि विमानतळावर गेला. संध्याकाळी उजेड असतानाच उतरले. इथे नऊ वाजून गेले तरी अंधार पडत नाही.

विमानतळावर पैसे बदलून घेतले. दहा फ्रँकची नोट उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर बँकेचं नाव चार भाषांत आहे: जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श. रोमान्श बोलणारे या देशात शंभरातला एकही भरणार नाही, आल्प्सच्या काही दऱ्यांपुरती ती भाषा उरली आहे. तरी १९३८ साली देशभर मतदान घेऊन लोकांनी तिला चौथी राष्ट्रीय भाषा केलं. आपल्या नोटेवर पंधरा भाषांची पट्टी असते, इंग्रजी-हिंदी धरून सतरा. त्यात आदिवासींची एकही नाही. भिली बोलणारे २०११ च्या जनगणनेत एक कोटी चार लाखांच्या वर होते. नोट घडी करून वहीत ठेवली. ती मोडायची नाही असं ठरवलं.

रविवार, १३ जुलै

रोथशिल्ड रस्त्यावरच्या युथ हॉस्टेलात उतरले आहे. सकाळी आदिवासी प्रतिनिधींची आपसातली बैठक होती. उद्याच्या अधिवेशनाआधी सगळे भेटून कोण कशावर बोलणार ते ठरवतात. डोसिप नावाची एक संस्था १९७८ पासून इथे कागदपत्रं सांभाळण्याचं आणि दुभाषे पुरवण्याचं काम करते. तिचे तरुण स्वयंसेवक कानात बोलून भाषांतर करत होते. सामी लोक त्यांच्या निळ्या-लाल पोशाखात, अँडीजमधून आलेल्या बाया गोल टोप्या घालून, आर्क्टिकचे इनुइट, कॅमेरूनच्या जंगलातले, ऑस्ट्रेलियाचे. मी पाटल, आमच्या कोरकू बायकांचा वेश, घालून गेले होते. काही जणांनी सुरुवातीलाच सांगितलं की आमचे फोटो काढू नका, परत गेल्यावर घरच्यांना त्रास होतो. त्यानंतर सभागृहात फोन खिशात गेले ते गेलेच.

आशियाच्या गटात मला विचारलं, तुझा मुद्दा काय? मी सांगितलं की भारताच्या जनगणनेत दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात ती भाषा स्वतंत्र छापत नाहीत. १९७१ पासूनची ही रीत आहे. २०११ ला लोकांनी मातृभाषा म्हणून साडेएकोणीस हजार वेगवेगळी नावं सांगितली होती. चाळून, गटात घालून शेवटी १२१ भाषा छापल्या गेल्या. बाकीचं सगळं ‘इतर’मध्ये. निहाली त्या ‘इतर’मध्ये आहे. मलेशियाहून आलेल्या एका काकांनी माझ्या वहीत पाहून विचारलं, “पण तू निहाल आहेस का?”

नाही म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “त्यांनी तुला पाठवलंय?”

हा प्रश्न रास्त होता. मी सोनबर्डीला तीन वेळा जाऊन बैठका घेतल्या होत्या. तिथल्या एका तरुणाचं नाव पाठवायचं ठरलं होतं, त्याचा पासपोर्ट वेळेत झाला नाही. गावानं ठराव करून मला बोलायला सांगितलं, त्याची प्रत माझ्याकडे होती. ती दाखवली. काकांनी ती नीट वाचली, समजत नसलेल्या मराठीतली, सह्या आणि अंगठे मोजले, आणि मान डोलावली.

संध्याकाळी एकटीच तळ्याकाठी गेले. हॉस्टेलपासून चार पावलांवर विल्सन महाल आहे. आता तिथे संयुक्त राष्ट्रांचं मानवी हक्क कार्यालय आहे. शंभर वर्षांपूर्वी ही इमारत राष्ट्रसंघाची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेची होती. १९२३ साली देस्काहे इथे आले होते. कायुगा जमातीचे सरदार, कॅनडातल्या ग्रँड नदीकाठच्या होडेनोशोनी, म्हणजे इरोक्वॉय लोकांनी पाठवलेले. ते आले ते कॅनडाच्या पासपोर्टवर नाही, स्वतःच्या लोकांनी काढून दिलेल्या पासपोर्टवर. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमचे तह ब्रिटिश राजाशी बरोबरीनं झाले आहेत, आमची राज्यव्यवस्था मोडायचा कॅनडाला अधिकार नाही, आमचं ऐकून घ्या. पर्शिया, एस्टोनिया, आयर्लंड आणि पनामा या चार देशांनी त्यांचा विषय घ्यावा म्हणून पत्र दिलं. ब्रिटननं दबाव आणला आणि विषय बाजूला पडला. वर्षाहून जास्त काळ ते या गावात थांबले, जाहीर सभेत बोलले, गावातल्या लोकांनी ऐकलं, राष्ट्रसंघानं नाही. ते इथे असतानाच तिकडे १९२४ मध्ये कॅनडानं त्यांची परंपरागत सभा बरखास्त केली. घरी परतणं त्यांना जमलं नाही. सीमेच्या अमेरिकेकडच्या बाजूला, २७ जून १९२५ ला ते गेले. पंधरा दिवसांपूर्वीच शंभर वर्षं झाली.

त्यांच्या पाठोपाठ १९२५ मध्ये न्यूझीलंडहून माओरींचे नेते रताना आले, ब्रिटिशांशी झालेला वैतांगीचा तह मोडला म्हणून दाद मागायला. त्यांनाही आत घेतलं नाही.

मी बराच वेळ त्या पायऱ्यांसमोर उभी होते. तळ्यावर वारा होता. उद्या मला संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात जायचं होतं, ओळखपत्र घेऊन, समोरच्या दारानं.

सोमवार, १४ जुलै

संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीच्या प्रेनी फाटकाशी लांब रांग. पासपोर्ट, फोटो, मग गळ्यात पट्टी. पट्टीवर माझं आडनाव छापून आलं, शेवटी ‘कर’ असलेलं. आमच्या कुळांची नावं झाडा-पानांवरून, जमिनीवरून आलेली आहेत. जांबू कुळाचे जांबेकर झाले, कासदाचे कासदेकर. मराठीत ‘कर’ लावलं की ऐकणारा विचारतो, हे जांबे गाव कुठे आलं? गाव कुठेच नाही, ते जांभळाचं झाड आहे. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. लिहिणाऱ्याला जे ओळखीचं वाटलं ते त्यानं लिहिलं. पण आदिवासींच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यातलं तेरावं कलम अगदी याच गोष्टीबद्दल आहे: आपली भाषा पुढच्या पिढीला देण्याचा हक्क, आणि आपल्या माणसांना, गावांना, जागांना आपण ठेवलेलं नाव टिकवण्याचा हक्क. कलम मी पूर्वीही वाचलं होतं. गळ्यातल्या पट्टीकडे पाहताना ते मला नव्यानं कळलं.

तो जाहीरनामा १३ सप्टेंबर २००७ ला आमसभेत मंजूर झाला. बाजूनं १४४ देश, विरोधात चार: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. चौघांनीही पुढे भूमिका बदलली. भारतानं बाजूनं मत दिलं, पण आपल्या सरकारचं म्हणणं पूर्वीपासून असं आहे की स्वातंत्र्याच्या वेळी इथे असलेले सगळेच भारतीय मूळनिवासी आहेत. त्या म्हणण्यामागची भीती मला समजते. देशात कोण आधी आलं आणि कोण नंतर, या वादातून फाळण्या होतात. पण सगळेच मूळनिवासी असतील तर मोजणीत निहाल दिसायला काय अडचण आहे? हक्क नाकारायचा नसेल तर निदान नाव तरी छापा. माझं भांडण एवढंच आहे.

इमारत अरियाना नावाच्या मोठ्या बागेत आहे. दुपारच्या सुट्टीत बाहेर आले आणि झाडीतून ओळखीची हाक आली. मोर! मला वाटलं भास झाला. पण खरंच मोर, हिरवळीवर पिसारा ओढत चाललेले. ही जमीन ज्यानं शहराला दिली त्यानं मोर राखायची अट घातली होती म्हणतात. आमच्या कोरकूत मोराला मारा म्हणतात. मी हळूच म्हणाले, “मारा.”

मागून कोणीतरी म्हणालं, “मारा! आप भी मारा बोलती हैं?”

वळून पाहिलं तर लाल काठाची पांढरी साडी नेसलेली एक बाई. झारखंडच्या खुंटीहून आलेल्या मुंडा दीदी. त्याही मोराला माराच म्हणतात. पुढचा अर्धा तास आम्ही त्या हिरवळीवर उभ्या राहून शब्द वाटून घेतले. पाणी? त्यांच्याकडे डा, आमच्याकडेही डा. डोळा? मेड, मेड. नाच? सुसुन, सुसुन. आमचा गादली सुसुन त्यांना नावानंच कळला. मग आकडे: मी मिया म्हणाले, त्या मियाद. बारी, बारिया. आफई, आपिया. सहा म्हणजे तुरुई, दहा म्हणजे गेल, हे तर जसंच्या तसं. धारणी आणि खुंटी यांच्यात हजार किलोमीटर तरी असतील, मधे गोंडी आहे, छत्तीसगढी आहे, हिंदी आहे. आमचे पूर्वज कधी वेगळे झाले, हजारो वर्षं झाली असतील, पण दहापर्यंत मोजायला आम्हाला दुभाष्या लागला नाही. दीदींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आपल्याकडची म्हण सांगितली, सेन गी सुसुन, काजी गी दुरंग. चालणं हाच नाच, बोलणं हेच गाणं. मला तिचा अर्धा अर्थ न सांगताच कळला.

मंगळवार, १५ जुलै

दिवसभर नाव पुकारायची वाट पाहिली. यादी लांब, वेळ कमी. समोरच्या पडद्यावर सेकंद उलटे मोजत जातात, आणि वेळ संपली की बोलणाऱ्याचं वाक्य अर्धं असलं तरी अध्यक्ष थांबवतात. कोणी बेटाचा किनारा खचल्याचं सांगतं, कोणी गावातून उठवल्याचं. काहींना दोन मिनिटांत एवढं सगळं मांडताना पाहून माझा श्वास अडकायचा.

हे सभागृह सहा भाषा ऐकतं: इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, चिनी, अरबी. हिंदी, मराठी, कोरकू, मुंडारी या सगळ्या इथे सारख्याच बाहेरच्या. आमच्या आश्रमशाळेत कोरकू बोललं की हातावर छडी बसायची, मराठी बोल म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं की मराठी म्हणजे जगाची भाषा. इथे बसून मराठीही माझ्याजवळ येऊन बाकावर बसली. घरच्या दोन भाषा मनात, कागदावर इंग्रजी. त्या इंग्रजीचा सराव मी गेले दोन महिने केला होता, रोज सकाळी, ओढ्याकाठी, मोठ्यानं.

जेवायला एका टेबलाशी सहा-सात जण जमलो. दीदींनी कालची गोष्ट सगळ्यांना सांगितली आणि खेळच सुरू झाला: तुमच्याकडे डोळ्याला काय? मेघालयाच्या खासी बाई म्हणाल्या, ख्मात. कोणी सांगितलं की व्हिएतनामीत मात्. मेड, ख्मात, मात्, सगळ्या एकाच ऑस्ट्रोएशियाटिक कुळातल्या, कोरकू त्या कुळाचं पश्चिमेकडचं शेवटचं घर. फिलिपिन्सच्या डोंगरातला एक मुलगा उडी मारून म्हणाला, आमच्याकडे माता! त्याची भाषा वेगळ्या कुळातली, पण टेबलावर त्या क्षणी तोही आमच्या घरचा झाला.

मग मी म्हणाले, माझ्या शेजारी डोळ्याला जिकित म्हणतात. आणि पाण्याला जोप्पो.

सगळ्यांनी आपापल्या मनात शोधलं. तसं शोधताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मी तेव्हा पाहिलं. कोणाकडेच काही निघालं नाही. फिलिपिन्सच्या मुलानं दोनदा म्हणून पाहिलं, जिकित, जिकित. खासी बाईंनी विचारलं, “त्यांना तुमची भाषा येते?” हो, प्रत्येक निहालाला कोरकू येते, मराठी येते, हिंदीही येते. “आणि तुमच्या लोकांना त्यांची?”

नाही येत. हे सांगताना मला जड गेलं, आणि ते इथेही लिहायला हवं. आमच्या लोकांनी निहालांना कधी बरोबरीचं मानलं नाही. ते आमच्या शेतात राबायचे. माझ्या आजीच्या घरी त्यांना ओसरीच्या खाली बसवायचे, पाणी वरून ओतायचे. शेकडो कोरकू शब्द निहालीत गेले आहेत, कारण मालकाची भाषा मजुराला शिकावी लागते. १९६२ साली कायपर नावाच्या डच अभ्यासकानं निहालीवर ग्रंथ लिहिला. तोवर आणि त्यानंतरही तिला चोरभाषा, मिसळलेली बोली म्हणणारे पुष्कळ होते. बाहेरच्यांनी म्हटलं, त्याआधी आम्ही म्हणत होतो. आमच्या भाषेला मराठी शाळेनं जे केलं, त्याची चव आम्ही निहालीला आधीच दिली होती. मी तिच्यासाठी इतक्या लांब आले यात माझा मोठेपणा नाही. घरचं देणं आहे.

बुधवार, १६ जुलै

साडेअकराला नाव आलं.

माझ्या आधी एका माओरी बाईंनी भाषण केलं होतं. आधी आपला डोंगर सांगितला, मग नदी, मग स्वतः. त्यांच्याकडे १९८२ पासून ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेचं घरटं म्हणतात अशा बालवाड्या निघाल्या, आजी-आजोबा लहानग्यांशी फक्त माओरीत बोलणार. १९८७ ला ती भाषा न्यूझीलंडची अधिकृत भाषा झाली. रतानांना दार बंद केलं त्यानंतर बासष्ट वर्षांनी. हे मी मनात मोजत होते तेवढ्यात समोरचा दिवा लाल झाला. इथे लाल म्हणजे बोला.

पहिली तीन वाक्यं मी कोरकूत बोलले. जोहार केला, माझं कूळ सांगितलं, सिपना नदीचं नाव घेतलं. कानाला लावलेल्या यंत्रात सगळीकडे शांतता झाली असणार. भाषांतराच्या काचेच्या खोलीत बसलेले दुभाषे माझ्याकडे नुसते पाहत राहिले. सभागृहातल्या एका कोपऱ्यात मात्र दीदी हसत होत्या. त्यांना बरंचसं कळत होतं.

मग इंग्रजीत आले. सांगितलं की महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत एकाच नोंदीत कोरकू, बोपची, मौआसी, निहाल, नहुल, बोंधी, बोंदेया अशी नावं आहेत. दाखल्यावर आणि हिशेबात निहाल माणूस आमच्या नोंदीखाली जातो. भाषेच्या तक्त्यात दहा हजारांच्या रेषेखाली जातो. दोन्हीकडून दिसेनासा होतो. न दिसणाऱ्या भाषेला शिक्षक मिळत नाही, पुस्तक मिळत नाही, कोर्टात दुभाष्या मिळत नाही. मागणी तीन गोष्टींची: माणसं कितीही थोडी असोत, सांगितलेली मातृभाषा छापावी, नोंदीतल्या प्रत्येक समाजाचा आकडा वेगळा द्यावा, आणि मोजायला येणाऱ्याला शिकवावं की लोकांनी सांगितलेलं लिही, तुला वाटतं ते नाही. २०११ ला आमच्याच घरी आलेल्या माणसानं मातृभाषेसमोर मराठी लिहिलं होतं. मी समोर उभी होते, अंगणात आई शेळीशी कोरकूत बोलत होती.

शेवटी एक वाक्य जयपालसिंग मुंडांबद्दल. १९ डिसेंबर १९४६ ला घटना समितीत त्यांनी सांगितलं होतं की मला जंगली म्हणतात आणि त्याचा मला अभिमान आहे. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी मुंडारी, गोंडी आणि उरांव या तीन भाषा आठव्या अनुसूचीत घ्या अशी सूचना मांडली. ती मान्य झाली नाही. २००३ ला संथाळी आणि बोडो आल्या. त्यांनी मागितलेल्या तिन्ही अजून बाहेर आहेत.

“जिकित” म्हणाले तेव्हा पडद्यावर अकरा सेकंद उरले होते. त्या शब्दाचा अर्थ सांगितला, ही भाषा बोलणारी माणसं कुठे राहतात ते सांगितलं, आणि वेळेत थांबले. हात थरथरत होते. उत्तर लगेच येईल अशा आशेनं इथे कोणी बोलत नाही. बोललेलं नोंदीत जातं, तज्ज्ञांच्या अहवालाला त्याचा आधार होतो, पुढे परिषदेकडे जातं. ती वाट फार सावकाश आहे. पण देस्काहेंच्या कागदाला ती वाटही नव्हती.

गुरुवार, १७ जुलै

दुपारी डोसिपच्या लोकांनी जुने फोटो दाखवले. सप्टेंबर १९७७, अमेरिका खंडातले शंभराहून जास्त आदिवासी प्रतिनिधी पहिल्यांदा इथे एकत्र आले, त्या वेळचे. आपापल्या वेशात, रस्त्यानं चालत येताना. त्यातूनच पुढे संयुक्त राष्ट्रांचा आदिवासींसाठीचा कार्यगट झाला आणि त्याची पहिली बैठक ९ ऑगस्ट १९८२ ला याच गावात भरली. धारणीत ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, आम्ही ढोल घेऊन मिरवणूक काढतो, भाषणं होतात, सुसुन होतो. ती तारीख इथून आली हे आमच्यातल्या किती पोरांना माहीत आहे? यंदा सांगायचं.

दीदींना मोहाचे लाडू दिले. त्यांनी वास घेतला आणि डोळे मिटले.

शुक्रवार, १८ जुलै

निरोपाचा दिवस. सगळ्यांनी वहीत आपापल्या भाषेत डोळ्याचा शब्द लिहून दिला. चोवीस झाले. रात्री विमान.

रविवार, ३ ऑगस्ट. सोनबर्डी

बैठक झाडाखाली. बायका आल्या, तरुण आले, म्हातारे आले. मी फोनवर भाषण ऐकवलं. इंग्रजी कोणाला कळलं नाही, पण जिकित आला तसे सगळे एकदम सरसावले. एका आजीनं पुन्हा लाव म्हटलं. चार वेळा लावलं.

मग कामाचं बोलायला बसलो. मोजणारे घरी येतील तेव्हा मातृभाषा विचारतील. तुम्ही निहाली म्हणा आणि त्यांनी तेच लिहिलं का ते पाहा. तरुणांनी घरांची यादी करायला घेतली.

आतापर्यंत गप्प बसलेले एक बाबा कोरकूत म्हणाले, “तुझ्याशी मी तुझ्या भाषेत बोलतोय, ते सोड. माझ्या नातवाच्या दाखल्यावर काय आहे ठाऊक आहे? कोरकू. त्या दाखल्यावर तो वसतिगृहात आहे. उद्या मी सांगितलं की आमची भाषा कोरकू नाही, निहाली आहे, आणि साहेब म्हणाला की मग तू कोरकू कसा, तर?”

मी समजावलं की जमातीचा रकाना वेगळा आणि मातृभाषेचा वेगळा, यादीतल्या त्याच नोंदीत निहाल हे नाव आहेच, एकानं दुसरं खोटं ठरत नाही.

“तू म्हणतेस,” बाबा म्हणाले. “साहेब म्हणेल का?”

मंडळी गप्प झाली. ज्या तरुणाचा पासपोर्ट वेळेत झाला नव्हता तो म्हणाला, लिहून आणू या. तहसीलमधून, सही-शिक्क्यानिशी, मराठीत, की भाषेच्या उत्तराचा दाखल्यावर परिणाम होत नाही. बाबांनी विचारलं, कधी आणणार? तो म्हणाला, सोमवारी जातो. मी म्हणाले, मी येते बरोबर.

“नको,” बाबा म्हणाले. “तो एकटा जाऊ दे. तू बाहेर थांब.”

अर्ज तिथेच लिहिला. तो सांगत होता, मी लिहीत होते. शेवटी सहीच्या वर त्यानं एक ओळ स्वतःच्या हातानं लिहिली, देवनागरीत, निहालीतून. मला ती वाचता आली, कळली नाही. मी अर्थ विचारला नाही.